कारखान्यांतील निरोप आणि उलट टपाल

ठाणें जिल्ह्यांत मानपाडा या नांवाचीं दोन ठिकाणें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. एक ठाणें शहरांत, येऊरच्या डोंगरापायथ्याशीं, घोडबंदर रस्त्यावर. दुसरें डोंबिवलीच्या पूर्वेस, कल्याण-शीळ रस्त्यावर. येथें प्रस्तुत आहे तें हें दुसरें. डोंबिवली स्टेशनाच्या बाजूनें निघालेला मानपाडा रस्ता ज्या मुलुखांतून जातो, त्याच मुलुखांत महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची कारखान्यांची वसाहत आहे. हें महामंडळ १९६२ मध्यें स्थापन झालें. रसायनें, रंग, कापडावरील प्रक्रिया, यंत्रांचे सुटे भाग असा नाना तऱ्हेचा माल या वसाहतींत तयार होतो, आणि धुराड्यांपासून फारशा दूर नसलेल्या इमारतींत हजारों कुटुंबें राहतात.

२६ मे २०१६ रोजीं या वसाहतींतील एका रसायनाच्या कारखान्यांत स्फोट होऊन बारा माणसें दगावलीं. २३ मे २०२४ रोजीं दुसऱ्या एका कारखान्यांतील स्फोटांत दहांहून अधिक माणसें गेलीं. त्याचा गुन्हा मानपाडा पोलीस ठाण्यांत नोंदविण्यांत आला. या अपघातांचीं कारणें ठरविणें हें तपासाचें व न्यायासनाचें काम आहे. त्यांत शिरण्याचें येथें प्रयोजन नाहीं. परंतु अशा वस्तींत राहणाऱ्यांच्या मनांत एक प्रश्न सहज उभा राहतो. कारखान्याच्या कचेरींत जें ठाऊक असतें, तें भट्टीजवळ उभ्या असलेल्या माणसाला ठाऊक असतें काय? आणि भट्टीजवळच्या माणसाला जें दिसतें, तें कचेरीपर्यंत पोंचतें काय?

मोठ्या कंपन्यांत या विषयाला हल्लीं ‘अंतर्गत संवाद’ असें भारदस्त नांव मिळालें आहे. त्यासाठीं स्वतंत्र अधिकारी नेमले जातात. गुळगुळीत कागदावर मासिक निघतें आणि त्यांत संचालकांचीं छायाचित्रें येतात; मोबाइलवर गट तयार होतात व त्यांवर सकाळ-संध्याकाळ संदेश पडतात; भिंतीवर पडदे लावून त्यांवर सुरक्षिततेचीं वचनें फिरवितात. यांतील कोणतेंही साधन वाईट नाहीं. परंतु सगळ्यांत एक साम्य आहे. तीं सर्व पाण्याप्रमाणें वरून खालीं वाहतात. जुन्या काळचा पत्रलेखक पत्राच्या अखेरीस ‘उलट टपालीं उत्तर पाठवावें’ असें आवर्जून लिहीत असे. पेटींत पत्र टाकलें म्हणजे काम झालें, असें तो समजत नसे. कारखान्यांतील निरोपाला हें उलट टपाल बहुधा नसतें, आणि त्याचें कारण समजण्यासाठीं थोडें मागें, मुंबईच्या गिरण्यांकडे, गेलें पाहिजे.

गिरणीचा मालक आणि मॅनेजर एका भाषेंत बोलत, मजूर दुसऱ्या भाषेंत. मध्यें उभा असे जॉबर. कामावर घेणें, काढणें, शिक्षा, रजा, नवा हुकूम या सर्व गोष्टी त्याच्या तोंडून खालीं येत, आणि मजुराचें गाऱ्हाणें वर जावयाचें झालें तर तें त्याच्याच कानांतून जावें लागे. आतां गाऱ्हाणें बहुधा जॉबरविरुद्धच असावयाचें! तेव्हां तें कोठें अडत असे हें सांगावयास नको. गिरणींतील जो एकच निरोप कोणाच्या मध्यस्थीवांचून सर्वांना सारखा कळत असे, तो म्हणजे भोंगा.

अशा स्थितींत मजुरांचें म्हणणें वर पोंचविण्यासाठीं केवढी खटपट करावी लागे हें नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चरित्रावरून दिसतें. लोखंडे यांनीं स्वतः गिरणींत नोकरी केलेली होती. १८८० पासून ते ‘दीनबंधु’ पत्र चालवीत. १८८४ च्या सप्टेंबरांत त्यांनीं परळ येथें गिरणी कामगारांची सभा भरविली, आणि सुमारें साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारनें नेमलेल्या कमिशनपुढें ठेवला. अर्जांतील मागण्या पाहिल्या म्हणजे आज नवल वाटतें. आठवड्याला एक सुट्टी. दुपारीं अर्धा तास विसावा. पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत. काम करतांना जायबंदी झालेल्यास भरपाई. गिरणींतल्या कोणाही मजुरानें आपल्या मॅनेजरला पांच मिनिटांत सांगाव्या अशा या गोष्टी! त्या सांगण्यास हजारों सह्या लागल्या. आणि आठवड्याच्या सुट्टीचें उत्तर येण्यास १८९० चा जून महिना उजाडावा लागला. एका निरोपाच्या उलट टपालास सुमारें सहा वर्षें!

पुढें १९२९ मध्यें ब्रिटिश सरकारनें हिंदुस्थानांतील कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यास एक राजकीय आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष जे. एच. व्हिटले. याच गृहस्थांच्या अध्यक्षतेखालीं १९१७ मध्यें इंग्लंडांत मालक व मजूर यांच्या संयुक्त मंडळांची योजना तयार झाली होती, म्हणजे हा विषय त्यांच्या हाडींमांसीं खिळलेला होता. कामगारांचे पुढारी ना. म. जोशी हे या आयोगाचे सभासद होते. आयोगानें १९३१ च्या अहवालांत जॉबरच्या सत्तेवर बोट ठेवलें आणि गिरण्यांनीं कामगार अधिकारी नेमावे अशी शिफारस केली. त्यापूर्वीं, १९२८ मध्यें, मुंबईच्या गिरण्यांतील सुमारें दीड लाख कामगारांचा संप सहा महिने चालला होता. त्याचीं कारणें अनेक होतीं, पगाराचें व यंत्रांच्या वाढत्या भाराचें तर मोठेंच होतें. परंतु मालकांनीं तयार केलेले नोकरीचे नियम हाही त्या झगड्यांतील एक ठळक वादविषय होता. नियम काय आहेत हें ज्याला लागू व्हावयाचे त्याला कळलें पाहिजे, ही साधी गोष्ट कायद्यांत यावयास १९४६ साल उजाडलें. त्या वर्षींच्या स्थायी आदेशांच्या कायद्यानें असें फर्मावलें कीं, नियम इंग्रजींत व बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेंत लिहून, ज्या दारानें बहुतेक कामगार आंत येतात त्या दारापाशीं आणि प्रत्येक खात्यांत, खास फलकांवर लावावे.

कायदा करणाऱ्याची ही दृष्टि मोठी मार्मिक होती. भाषा कोणती आणि दार कोणतें, या दोन गोष्टींचा त्यानें विचार केला. साहेबाच्या दालनाबाहेर लावलेला कागद हा फलक नव्हे, हें त्याला ठाऊक होतें. या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहितेनें घेतली आहे.

परंतु फलक दारापाशीं आहे, भाषा मराठी आहे, एवढ्यानें भागतें काय? पुढील मजकूर नमुन्यादाखल घ्यावा. ‘सर्व संबंधितांस याद्वारें कळविण्यांत येतें कीं, देखभालीच्या अनुषंगानें संयंत्र क्रमांक तीनमधील वाष्पपुरवठा पुढील आदेशापर्यंत स्थगित करण्यांत आला असून तत्संबंधीं आवश्यक ती दक्षता घेण्यांत यावी.’ व्याकरणदृष्ट्या यांत एकही चूक नाहीं. शाळेंत असा निबंध आला तर गुरुजी कदाचित् दहापैकीं सात गुणही देतील. पण दक्षता कोणीं घ्यावयाची? कशाची? नाहीं घेतली तर काय होईल? ‘संबंधित’ म्हणजे कोण, हें वाचणाऱ्यानें ठरवावयाचें, आणि पाळीच्या घाईंत कोणीही माणूस आपण संबंधित नाहीं असेंच ठरवितो. आतां हाच निरोप असा लिहिला तर? ‘तीन नंबरच्या भांड्याची वाफ बंद केली आहे. भांड्यांत माणूस उतरून काम करीत आहे. वाफेचा व्हॉल्व्ह कोणीही उघडूं नये. शंका आली तर पाळीच्या इंजिनियरला आधीं विचारावें.’ पहिल्या मजकुरांत सर्वांत महत्त्वाची गोष्टच, आंत माणूस आहे ही, गाळली गेली होती. जड भाषेचा खरा दोष ती कळत नाहीं एवढाच नव्हे; लिहिणाऱ्यालाही आपण काय सांगावयाचें विसरलों तें ती कळूं देत नाहीं.

शिवाय ‘बहुसंख्यांची भाषा’ ही आज पूर्वीइतकी सोपी गोष्ट राहिलेली नाहीं. ठाणें-कल्याणच्या पट्ट्यांतील कारखान्यांत मराठी बोलणाऱ्या माणसाच्या शेजारीं उत्तर हिंदुस्थानांतून किंवा ओरिसाकडून आलेला माणूस उभा असतो. अक्षरओळख असली तरी ती देवनागरीची असेलच असें नाहीं. तेव्हां चित्र, रंग आणि प्रत्यक्ष तोंडानें सांगणें यांना पर्याय नाहीं. त्यांतून ठेकेदारीची पद्धत वाढल्यामुळें जुना जॉबर नव्या वेषांत परत आला आहे. ठेकेदाराकडील माणसाला कंपनीचा निरोप ठेकेदाराच्या मुकादमाकडून मिळतो, कंपनीच्या मासिकाचा अंक त्याच्या हातीं पडत नाहीं, आणि मोबाइलच्या गटांत त्याचें नांव नसतें. भट्टी साफ करण्यासारखीं जोखमीचीं कामें मात्र पुष्कळदां त्याच्याच वांट्याला येतात.

मासिकाचा उल्लेख आला आहे म्हणून किर्लोस्करवाडीचें स्मरण होणें साहजिक आहे. औंध संस्थानांत, कुंडलच्या माळावर, लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० मध्यें कारखाना व गांव वसविलें. तेथून १९२० मध्यें शंकरराव किर्लोस्करांनीं ‘किर्लोस्कर खबर’ काढलें. आरंभीं हें कारखान्याचें व त्याच्या मालाचें वर्तमान सांगणारें एक लहानसें पत्र होतें. परंतु संपादकानें तें लोकांनीं वाचावें अशा भाषेंत चालविलें, आणि बघतां बघतां त्याचा वाचकवर्ग कारखान्याबाहेर एवढा पसरला कीं १९२९ पासून तें ‘किर्लोस्कर’ या नांवानें सबंध महाराष्ट्राचें मासिक झालें. कंपनीच्या पत्राला वाचक कंटाळतात अशी जी तक्रार ऐकूं येते, तिला हें उत्तर आहे. वाचक कंपनीला कंटाळत नाहीं, तो स्तुतिपाठाला कंटाळतो.

निरोप समजला कीं नाहीं हें ओळखण्याची एक जुनी रीत रेल्वेपाशीं आहे, आणि मध्य रेल्वेच्या मार्गावर राहणाऱ्यांना तिचें अगत्य वाटावें. ज्या फाटकाचा सिग्नलाशीं यांत्रिक बंध नसतो, तेथें गाडी येण्यापूर्वीं स्टेशनमास्तर फाटकवाल्याला फोन करतो. फाटकवाल्यानें नुसतें ‘होय साहेब’ म्हणून चालत नाहीं. फाटक बंद करून कुलूप घातल्यावर त्यानें आपल्याजवळच्या छापील कागदांतील पुढचा खासगी अंक सांगावयाचा. मास्तरनें तो वहींत लिहून घ्यावयाचा. अंक मिळाला नाहीं तर फाटक उघडें आहे असेंच धरावयाचें. येथें निरोपाची पोंच निरोपाइतकीच महत्त्वाची मानली आहे. वर्गांत गुरुजी ‘समजलें का?’ असें विचारतात तेव्हां चाळीस मुलें एका सुरांत ‘हो’ म्हणतात. तें ‘हो’ किती खरें, हें फळ्यापाशीं एकाला बोलावून ‘आतां तूं सांग’ म्हटल्यावरच कळतें. कारखान्यांतील पाळीच्या आरंभीं मुकादमानें हुकूम वाचून दाखविण्याऐवजीं दोघां-तिघांकडून तो त्यांच्या शब्दांत म्हणवून घेतला, तर त्याला पांच मिनिटें अधिक लागतील. बहुतेक ठिकाणीं हीं पांच मिनिटें परवडत नाहींत असें सांगण्यांत येतें.

तीं न परवडल्यानें काय होतें, याचें उदाहरण उत्तर समुद्रांत घडलें. स्कॉटलंडच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रांत ‘पायपर अल्फा’ नांवाचा तेल व वायू काढण्याचा प्रचंड मंच होता. ६ जुलै १९८८ रोजीं तेथील दोन पंपांपैकीं एक दुरुस्तीस काढला होता. त्याच पंपाच्या नळावरील एक सुरक्षा-व्हॉल्व्हही निराळ्या तुकडीनें काढून नेला होता, आणि त्या जागीं तात्पुरतें झांकण बसविलें होतें. संध्याकाळपर्यंत काम पुरें झालें नाहीं. पंपाच्या दुरुस्तीचा परवाना एक आणि व्हॉल्व्हचा परवाना दुसरा. दिवसपाळी गेली, रात्रपाळी आली. रात्रीं दुसरा पंप बंद पडला. रात्रपाळीच्या माणसांनीं पहिल्या पंपाचे कागद पाहिले. तो चालूं करतां येईल असें त्यांस वाटलें. व्हॉल्व्ह काढला आहे ही गोष्ट त्यांच्यापर्यंत आलीच नव्हती. पंप सुरूं झाला, झांकणांतून वायू फुटला, आणि त्या रात्रीं १६७ माणसें मृत्युमुखीं पडलीं. लॉर्ड कलन यांनीं केलेल्या चौकशीचा अहवाल १९९० मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत परवान्यांची ढिलाई व पाळी बदलतांना द्यावयाच्या माहितीची उणीव यांचा स्पष्ट उल्लेख आहे. दोन्ही परवाने लिहिलेले होते, सह्या केलेल्या होत्या. एका माणसाला माहीत होतें आणि दुसऱ्याला नव्हतें, एवढेंच काय तें अंतर.

डोंबिवलीच्या वसाहतींतही सकाळीं सात, दुपारीं तीन आणि रात्रीं अकरा या सुमारास पाळ्या बदलतात. जाणाऱ्याला लोकल गांठावयाची असते, येणारा पावसांत रिक्षा न मिळाल्यानें उशिरा आलेला असतो. निरोपाची सर्वांत मोठी गळती याच दहा मिनिटांत होते. ज्या कंपनीला आपला अंतर्गत संवाद खरोखरच सुधारावयाचा असेल तिनें आधीं मासिकाचें मुखपृष्ठ पाहूं नये, पाळीची वही पाहावी. ‘सर्व ठीक’ एवढेच शब्द महिनाभर रोज लिहिलेले आढळले तर त्या वहींत कोणी कांहीं लिहीत नाहीं हें उघड आहे; यंत्रशाळेंत महिनाभर सर्व ठीक कधींच नसतें.

आतां खालून वर येणाऱ्या निरोपाविषयीं. अमेरिकेंतील कोडॅक कंपनीनें १८९८ मध्यें कामगारांकडून सूचना मागविल्या, तेव्हां पहिल्या बक्षिसाची सूचना अशी होती कीं, खिडक्या धुतल्या तर कामाच्या जागीं उजेड अधिक येईल. बक्षीस दोन डॉलरांचें. खिडक्या मळल्या आहेत हें व्यवस्थापकाला कसें दिसावें? तो तेथें बसत नव्हता. पुढें शिकागोजवळ हॉथॉर्न येथील वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या कारखान्यांत १९२८ ते १९३० या काळांत वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेण्यांत आल्या. आरंभीं ठराविक प्रश्न विचारीत. लवकरच असें आढळलें कीं, माणसांना विचारलेल्या प्रश्नांपेक्षां दुसरेंच कांहीं सांगावयाचें असतें. तेव्हां प्रश्न बाजूला ठेवून ऐकणेंच पत्करावें लागलें. आपल्याकडे १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्यानें शंभर किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणीं उभयपक्षांच्या कार्यसमित्या नेमण्याची तरतूद केली. नव्या संहितेनें वीस कामगारांपासून तक्रार निवारण समितीही आवश्यक केली आहे. पुष्कळ ठिकाणीं अशा समितीची बैठक चहा, बिस्किटें आणि मागील सभेचें टिपण एवढ्यांत संपते. दोष समितीचा नव्हे, तेथें बोललेल्या गोष्टीचें पुढें काय झालें हें कोणी सांगत नाहीं, त्याचा आहे. तक्रार मान्य झाली नाहीं तरी चालेल, पण ‘अमुक कारणानें करतां येत नाहीं’ हें उत्तर ठरलेल्या दिवशीं फलकावर लागलें पाहिजे. दोनदां उत्तर न मिळालेला माणूस तिसऱ्यांदा बोलत नाहीं.

तो न बोलण्याचें दुसरें कारण भीति. पाइपाला बारीक गळती आहे असें सांगितलें तर ‘तुझ्याच पाळींत कशी झाली?’ हा पहिला प्रश्न येणार असेल, तर गळती पुढच्या पाळीला सांपडूं देणें शहाणपणाचें ठरतें. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर कारखाना कायद्यांत १९८७ मध्यें जी दुरुस्ती झाली, तिनें ही भीति ओळखली होती. धोक्याच्या प्रक्रियांची माहिती कामगारांना देणें मालकावर बंधनकारक झालें. सुरक्षा समितींत कामगारांना बरोबरीची जागा मिळाली. आणि जीवास तांतडीचा धोका आहे अशी वाजवी शंका आल्यास कामगारानें ती व्यवस्थापकास व त्याच वेळीं सरकारी निरीक्षकासही कळवावी असा हक्क त्याला मिळाला. २०२० ची व्यावसायिक सुरक्षितता संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आली. तिच्यांतही हा हक्क कायम आहे. ‘त्याच वेळीं’ हे शब्द महत्त्वाचे. मध्यें कोणी जॉबर बसूं नये म्हणून ते घातलेले आहेत.

त्याच १९८७ च्या दुरुस्तीनें आजूबाजूच्या रहिवाशांनाही धोक्याची माहिती द्यावी असें सांगितलें होतें. मानपाडा रस्त्याच्या आसपास कारखान्यांत काम करणारीं व कारखान्यांशेजारीं राहणारीं माणसें बऱ्याचदां एकाच इमारतींत असतात. ज्या कामगाराला आपल्या भांड्यांत काय शिजतें, भोंगा किती वेळ वाजला म्हणजे सराव आणि किती वेळ वाजला म्हणजे संकट, व वायू सुटला तर वाऱ्याच्या आडव्या दिशेनें कसें जावें हें नीट सांगितलेलें आहे, तो घरीं आल्यावर तें आपल्या मुलांना सांगतो, आणि मुलें जिन्यावरच्या शेजाऱ्यांना. ज्याला तें सांगितलेलें नाहीं, त्याच्या घरांतली माणसें भोंगा ऐकून गॅलरींत येऊन उभीं राहतात.